चैत्रात फुललेली अंबाडी

पुणे, १० मार्च २०२५

प्रिय आत्या,

जय भीम.

परवा फोन केला, पण दर वाक्याला तू ‘काय म्हणतोस?’ विचारत होतीस आणि मी इतका ओरडायला लागलो की ऑफिसातले लोक वळून बघायला लागले. म्हणून पत्र. लहानपणी सुट्टीत तुझ्याकडे आलो की बाबांना आर्वीला पत्र लिहायला लावायचीस आणि लाल शाईनं दुरुस्त करूनच पेटीत टाकू द्यायचीस, ते आठवतं. हेही दुरुस्त करशीलच.

बाबांबद्दल लिहायचं आहे. गेल्या महिन्यात दीड दिवस आर्वीला जाऊन आलो. दुखणं हाडात उतरलंय, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. कुणीही विचारलं की बाबा ‘बरं हाये’ म्हणतात. पण कूस बदलताना खाटेची पाटी अशी घट्ट धरतात की बोटं पांढरी पडतात. मी पाठवलेली टेकायची खुर्ची कोपऱ्यात तशीच पडली आहे, तिच्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवलाय. गोळ्या पुरत नाहीत, एवढं मला दिसलं.

माझ्या एका मित्राच्या ओळखीचे वैद्य एका झाडापासून तेल काढून देतात. अशा दुखण्यावर ते चालतं म्हणतात. झाड मात्र ताजं लागतं. सोबतच्या काडेपेटीत कापसात पाच बिया आहेत. परदेशी अंबाडी म्हण. ती कुठल्याही महिन्यात लाव, सत्तरेक दिवसांत फुलून तयार होते. आर्वीचं घर डेपोसमोर, दारातून दिवसभर माणसं जातात, शिवाय अंगण नाही. तुझ्या मागच्या परसात धुण्याच्या दगडापाशी जागा आहे, आणि तुझ्या हाताला झाडं लागतात.

दोन गोष्टी. पानं अंबाडीसारखीच दिसतील, कुणी विचारलं तर अंबाडीच सांग. आणि बाबांना इतक्यात काही बोलू नकोस. सत्तर दिवस झाले की मी येईन.

तुझा,
रुपेश

---

पिपरी मेघे, २९ मार्च २०२५

चि. रुपेश,

जय भीम आणि आशीर्वाद.

पत्रात अकरा चुका निघाल्या. पुण्यात राहून तुझं मराठी वाळत चाललं आहे.

बिया मिळाल्या. घराला रंग दिला तेव्हाच्या रिकाम्या बादल्या होत्या, त्यांना खालून भोकं पाडून सतरा तारखेला लावल्या. पाचातल्या तीन आल्या. ऊन आतापासूनच असं आहे की वर हिरवी जाळी बांधावी लागली. दोन वेळा पाणी घालते. शेजारच्या रुख्माबाईंनी भिंतीवरून बघून ‘अंबाडी का वो बाई?’ विचारलं. मी हो म्हटलं.

आता मुख्य बातमी. माझ्या नंदिनीची निवड झाली. फौजदार. चौथ्या खेपेला. नागपूरहून तिचा मेसेज आला तेव्हा मी पोळी लाटत होते, पोळी तव्यावर जळून कोळसा झाली तरी मला कळलं नाही. मग रडू आलं आणि रडतानाच दुसरी पोळी लाटली.

तुला ठाऊक नसेल म्हणून लिहिते. एकाहत्तर साली आमच्या बाबांना, म्हणजे तुझ्या आजोबांना, गावच्या पाटलाचा बैल चोरला म्हणून ठाण्यात नेलं होतं. मी सहा वर्षांची, तुझे बाबा नऊ वर्षांचे. तीन दिवस भाऊ फडक्यात भाकर बांधून सात मैल चालत ठाण्यात द्यायला जायचा. चौथ्या दिवशी बैल नदीकाठी चरताना सापडला. बाबांना सोडलं, पण रजिस्टरात नाव लिहिलेलं होतं ते कुणी खोडलं नाही. त्यानंतर गावात कुणाची कोंबडी जरी हरवली तरी शिपाई आधी आमच्या दारात यायचा. भाऊ अजूनही ठाण्यासमोरून जाताना रस्त्याची पलीकडची बाजू धरतो.

नंदिनीनं त्याला फोनवर सांगितलं. त्यानं म्हणे एवढंच विचारलं, ‘छातीवर नावाची पट्टी राहते ना?’

आता फक्त पोलिसांची पडताळणी राहिली. घरी येतात, घर बघतात, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतात. एक सही आमच्या भिंतीपलीकडचे लक्ष्मणराव करतील. रुख्माबाईंचे यजमान. एकतीस वर्षं पोलिसांत होते, जमादार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या शब्दाला वजन आहे.

आत्या

---

पुणे, ४ एप्रिल २०२५

प्रिय आत्या,

नंदिनीताईचं अभिनंदन. खरंच खूप आनंद झाला.

पडताळणीला लोक नेमके कधी येतात? आधी कळवतात का? घरात कुठपर्यंत येतात, परसातही बघतात का? जमल्यास लगेच लिही.

आणखी एक. त्या अंबाडीतलं कुणालाही काही देऊ नकोस. बियांना औषध लावलेलं होतं, पोटात गेलं तर बाधेल. रुख्माबाईंना तर अजिबात नको. बादल्या गच्चीवर नेता येतील का? तुला जड जाईल हे खरं. धीरज दूधवाल्याला सांग. नको, त्याला नको सांगूस. कुणालाच नको. आहेत तिथेच राहू देत.

इथे मार्चअखेरचं काम अजून संपलेलं नाही, नाहीतर मीच आलो असतो.

रुपेश

---

पिपरी मेघे, २० एप्रिल २०२५

चि. रुपेश,

पडताळणीला कधी येतील ते सांगून येत नाहीत. सांगून आले तर पडताळणी कसली?

भाऊ आता माझ्याकडे आहे. सहा तारखेला नंदिनी गाडी करून त्याला आर्वीहून घेऊन आली, कारण दवाखाना इथून जवळ पडतो. दुसऱ्या दिवशी ती परत नागपूरला गेली. भाऊची खाट मागच्या परसात जाळीखाली टाकली आहे, अगदी तुझ्या बादल्यांशेजारी. घरात पंख्याखाली त्याला कोंडल्यासारखं होतं. उठायला दोन माणसं लागतात, म्हणून मी लक्ष्मणरावांना हाक मारते.

आता झालं ते ऐक. चौदा तारखेला जयंतीच्या कार्यक्रमाला मी विहारात गेले. भाऊला झोप लागली होती. मागून रुख्माबाई भिंतीच्या खिंडारातून आल्या आणि तुझ्या अंबाडीची एक जुडी खुडून घेऊन गेल्या. त्यात त्यांचा काही दोष नाही. तू पुण्याचा झालास, विसरलास. आपल्याकडे दारची अंबाडी कुणी विचारून नेत नाही. कोवळी दिसली की शेजारीण खुडते, आणि शिजली की वाटीभर परत आणून देते. एकदा अंबाडी म्हटलं की ती सगळ्यांची झाली. तू तेच नाव निवडलंस.

त्यांनी ती ज्वारीच्या कण्यांबरोबर शिजवली. संध्याकाळी वाटी घेऊन आल्या त्या कपाळाला आठ्या घालून.

‘कायची अंबाडी हाये वो बाई? चिंच टाकली तरी आंबट नाई झाली.’

लक्ष्मणरावांनी म्हणे दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते भिंतीपाशी येऊन उभे राहिले. बादल्यांकडे बराच वेळ बघत होते. मग विचारलं, ‘म्याडम, बियाणं कुठचं?’ मी म्हटलं, आर्वीच्या बाजारातलं. तुझं नाव ओठांवर आलंच नाही, का कोण जाणे. ते ‘बरं’ म्हणाले आणि गेले. त्या दिवसापासून भाऊला उठवायला येतात, पण माझ्याशी बोलत नाहीत.

आणि परवापासून झाडांच्या पेरांत पांढरे धागे दिसू लागले आहेत. फुलोरा आहे तो. रुपेश, अंबाडी घटस्थापनेच्या आगेमागे फुलते, दिवस लहान झाल्यावर. चैत्रात अंबाडी फुललेली मी साठ वर्षांत बघितली नाही. आंबट नाही, चैत्रात फुलते, आणि संध्याकाळी पाणी घातलं की वेगळाच वास सुटतो.

मी पस्तीस वर्षं वर्ग सांभाळला. मूल काही लपवत असलं की ते प्रश्नाचं उत्तर न देता दुसरंच काही बोलतं. तुझं मागचं पत्र मी तीनदा वाचलं. आता खरं लिही.

आत्या

---

पुणे, २४ एप्रिल २०२५

आत्या,

ती अंबाडी नाही. गांजा आहे.

वैद्य वगैरे कुणी नाही. ओळखीतल्या एकानं बाहेरून बिया मागवल्या होत्या, त्यातल्या पाच घेतल्या. या जातीला दिवस लहान-मोठा असला तरी फरक पडत नाही, वय झालं की फुलते. लवकर होईल, कुणाला कळायच्या आत संपेल, असा हिशेब होता. तेल कसं काढायचं ते मी वाचून ठेवलं होतं. बाबांसाठी. दुसरं काहीही नाही, तुझी शपथ.

नंदिनीताईचं ठाऊक असतं तर पाठवल्या नसत्या. कळल्यावर तरी लगेच सांगायला हवं होतं. त्या रात्री पत्र लिहायला बसलो आणि ‘औषध लावलंय’ असं लिहून मोकळा झालो. तू माझ्यावर विश्वास ठेवलास म्हणून तू अडकलीस.

कायद्यात दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. परसातल्या तीन झाडांनाही तोच कायदा. घर तुझं, म्हणजे नाव तुझं येईल, आणि ताईची नोकरी तिथेच संपेल. आजच उपट. जाळू नकोस, वास दूरवर जातो. खोल पुरून टाक. माझी पत्रंही नष्ट कर. कुणी विचारलंच तर सरळ माझं नाव सांग.

क्षमा माग म्हटलंस तर मागतो, पण मागण्याइतकं तोंड राहिलेलं नाही.

रुपेश

---

पिपरी मेघे, २ मे २०२५

चि. रुपेश,

उपटली नाहीत.

आधी माझी चूक कबूल करते, म्हणजे तुझ्यावर रागवायचा अधिकार राहील. मला पहिल्या पंधरा दिवसांतच कळलं होतं. समुद्रपूर तालुक्यात नोकरीला होते तेव्हा, अठ्ठ्याण्णव साली, शाळेच्या मागच्या कुंपणात एका म्हाताऱ्यानं अशीच झाडं लावली होती. पोलीस आले. हेडमास्तर सदाशिवराव आणि मी पंच होतो. पान हातात देऊन, वास घ्यायला लावून, मग माझी सही घेतली. तो म्हातारा झाडाइतकाच वाळलेला होता. त्याला गाडीत बसवलं आणि तो पुन्हा गावात दिसला नाही. रुपेश, पंचनाम्यावर मोत्यासारख्या अक्षरात सही करणारी बाई ते पान विसरत नसते.

मग मी विचारत का बसले? तू आपण होऊन सांगावंस म्हणून. मूल स्वतः उभं राहून ‘बाई, मी केलं’ म्हणतं, त्याची वाट बघायची मला सवय आहे. आणि ओळखल्यावरही का उपटली नाहीत? भाऊचं कण्हणं मला ऐकू येत नाही, कान असे आहेत. पण पहाटे त्याच्या खाटेवर हात ठेवला की खाट थरथरत असते. ते हाताला कळतं. मी आयुष्यात नियम मोडला नाही. मुलांना उशीर झाला तर बाहेर उभं केलं. आणि आता रोज दोन वेळा बेकायदा झाडाला पाणी घालते आहे.

तुझं पत्र आल्यावर विळा घेऊन दोनदा गेले. पहिल्यांदा रुख्माबाई भिंतीवर वाळवण घालत होत्या. दुसऱ्यांदा भाऊ जागा होता. मला बघून म्हणाला, ‘मीरे, याले पानी घाल वो, सुकून राह्यलं.’ त्या कोपऱ्यातल्या झाडाची त्याला काळजी. इथे आल्यापासून त्यानं स्वतःसाठी काही मागितलं नाही, झाडासाठी मागितलं. मी विळा पदराखाली घेतला आणि पाणी घातलं.

भीती मात्र आहे, ती लपवत नाही. फाटक मला ऐकू येत नाही, म्हणून दिवसातून दहा वेळा जाऊन बघून येते. लक्ष्मणरावांनी ओळखलं आहे, याबद्दल शंका नाही. एकतीस वर्षांच्या पोलिसाला आंबटपणा नसलेल्या भाजीचा अर्थ कळतो. कागदावर त्यांची सही लागणार आहे. त्यांनी सही केली नाही तरी पुरे आहे, तोंड उघडायचीही गरज नाही. नंदिनीला यातलं काही माहीत नाही. काही झालंच तर ती तरी यातून सुटावी म्हणून तिला सांगायचं नाही, एवढं मी ठरवलं आहे.

अजून चोवीस दिवस. एका बाजूला माझी मुलगी आहे आणि दुसऱ्या बाजूला माझा भाऊ. मी रोज सकाळी एक ठरवते आणि संध्याकाळी दुसरं.

आत्या

---

पुणे, ७ मे २०२५

आत्या,

ठरवू नकोस. उपट. बाबांचं दुखणं मला दिसत नाही असं नाही, पण ताईची चार वर्षं त्यापायी जाता कामा नयेत. बाबांना कळलं तर ते मला आयुष्यभर माफ करणार नाहीत.

चोवीस तारखेची रजा मंजूर झाली आहे. त्याआधी मिळत नाही, साहेबांना दोनदा विचारलं. मी येतो, तोवर तेवढं एक कर. तुझ्या हातानं होत नसेल तर पाणी घालणं बंद कर, या उन्हात दोन दिवसांत जातील.

बाबांसाठी रक्तदाब मोजायचं मशीन पाठवलं आहे, या आठवड्यात पोचेल.

रुपेश

---

पिपरी मेघे, १५ मे २०२५

चि. रुपेश,

तुझं पत्र बारा तारखेला मिळालं. तेरा तारखेला ते आले.

सकाळचे अकरा. मी स्वयंपाकघरात होते. मोटरसायकल आली, फाटक उघडलं, मला काही ऐकू आलं नाही. वळले तर बैठकीच्या दारात वर्दीतला तरुण शिपाई उभा. नाव दुर्गेश. चांगला मुलगा, चप्पल बाहेर काढून आत आला. हातात नंदिनीची फाइल. त्यानं एक एक प्रश्न विचारला, मी एक एक उत्तर दिलं. जन्मतारीख, शाळा, घरात कोण कोण, कुणावर कधी गुन्हा दाखल आहे का. या प्रश्नावर मला एकाहत्तर साल आठवलं आणि परसातल्या बादल्या आठवल्या. मी नाही म्हटलं. पाणी दिलं, चहा दिला. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. म्हणाला, काकू, मागं हौद असेल तर तोंड धुतो.

मी म्हटलं, हौदात पाणी नाही. तेवढ्यात लक्ष्मणराव आले. त्यांना सहीसाठी निरोप गेला होता. ते माझ्याकडे बघत म्हणाले, ‘हौद तं भरून वाहून राह्यला, म्याडम.’ तो पोरगा उठला आणि मागच्या दाराकडे चालू लागला. लक्ष्मणराव त्याच्या मागे. मनात म्हटलं, संपलं. नंदिनीचा चेहरा डोळ्यांपुढे आला, लहान असतानाचा.

परसात गेले तर बादल्या रिकाम्या. तिन्हींत नुसती माती, मधोमध खड्डे.

भाऊ खाटेवर ताठ बसला होता. मांडीवर सूप, सुपात पानांचा ढीग, आणि तो देठापासून पान खुडत होता, दुपारी भाजी निवडायला बसतात तसा. ज्याला उठवायला दोन माणसं लागतात त्यानं मोटरसायकल ऐकली, एकट्यानं उठून तीन झाडं उपटली, फुलोऱ्याचे शेंडे आणि मुळं ओल्या पोत्यात घालून खाटेखाली ढकलली आणि सूप घेऊन बसला. सदरा घामानं अंगाला चिकटला होता. खालचा ओठ दातांत धरलेला होता आणि तिथून रक्त येत होतं. पण हात चालू होते. आणि रुपेश, तो वास. सगळं परस त्या वासानं भरलं होतं.

दुर्गेशनं तोंड धुतलं, रुमाल काढला आणि सुपाकडे बघितलं. ‘अंबाडी का, काका?’

‘हो,’ भाऊ म्हणाला. ‘कण्यासंग खातो.’

पोरगा थांबला. एक पाऊल पुढे आला. नाकपुड्या हलल्यासारख्या मला वाटल्या, खरं-खोटं देव जाणे. मी लक्ष्मणरावांकडे बघितलं. माझा सगळा संसार त्या माणसाच्या तोंडात होता. ते खाटेपाशी गेले, भाऊच्या अगदी शेजारी बसले, एक हात त्याच्या पाठीमागून घेऊन त्याला धरलं, आणि दुसऱ्या हातानं सूप स्वतःकडे ओढून पानं खुडायला लागले.

‘आन तो कागद,’ ते शिपायाला म्हणाले. ‘यायच्या घरची भाजी मी खाल्ली हाये. सही कुठं करायची?’

मांडीवर फाइल ठेवून त्यांनी सही केली. दुर्गेशनं कागद घेतला, भाऊला नमस्कार केला आणि गेला. जाताना त्यानं सुपाकडे पुन्हा बघितलं की नाही, ते मी बघितलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

लक्ष्मणरावांनी मोरीवर तीनदा साबणानं हात धुतले. माझ्याकडे न बघता बोलले, ‘एकतीस वर्षांत अशा कागदावर मी सही नाई केली. आता हे सगळं मातीत घाला. पुन्हा मले काई दाखवू नका.’ मग स्वतःच फावडं आणून कडुलिंबाखाली खड्डा खणला. माझ्याशी ते अजूनही बोलत नाहीत. त्यांचं बरोबर आहे. एका सज्जन माणसाला आपण खोटी सही करायला लावली, ते माझ्या खात्यावर राहील. तुझ्याही राहू दे.

ते गेल्यावर भाऊ आडवा झाला आणि कितीतरी वेळ नुसता थरथरत होता. मी त्याला म्हटलं, ते तुझ्यासाठी होतं रे, तुझ्या पोरानं तुझ्यासाठी पाठवलं होतं. तो म्हणाला, ‘मीरे, आपल्या बापाचं नाव त्यायनं चोर म्हून लिहिलं होतं. पोरीचं छातीवर लिहू दे.’

काल त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण बाईंनी विचारलं, कसं आहे? भाऊ म्हणाला, बरं हाये. मी पहिल्यांदाच मध्ये बोलले. म्हटलं, तो खोटं बोलतो आहे, पहाटे खाट थरथरते. बाई म्हणाल्या, आधी का नाही सांगितलं? तीन महिने हे बरं आहे म्हणतात, मी त्याच मात्रेत गोळ्या देते आहे. नवीन गोळ्या दिल्या. आज भाऊ पाच तास सलग झोपला. तू बिया शोधत होतास, मी पाणी घालत होते, तो ओठ चावत होता, आणि जिला सांगायचं होतं तिला तिघांपैकी एकानंही सांगितलं नव्हतं. असे शहाणे आपण.

दुखणं जाणार नाही, हेही बाईंनी सांगितलं. फार दिवस नाहीत, हेही सांगितलं.

तुझं मशीन पोचलं. खाली भाऊनं सांगितलेलं आहे, तो बोलला तसंच लिहिलं आहे. त्याला लाल शाई लावलेली नाही.

आत्या

रुपेश,

मी सांगून राह्यलो, मीरा लिहून राह्यली.

तुहं झाड मले फूल आलं त्याच दिवशी समजलं. चैतात अंबाडी फुलत नाई, हे मले कोणी शिकवाची गरज नाई. पन मी बोललो नाई. बिया पोरानं पाठवल्या हे मीराच्या तोंडून एकडाव निसटलं होतं, म्हून रोज त्याच्याकडं पाहत होतो. चांगलं वाढलं होतं. उपटलं तवा त्याचं वाईट वाटलं, तुह्यावर राग नाई आला. राग धरू नको सोतावर.

तू खुर्ची पाठवली. मंग बिया पाठवल्या. काल मशीन आलं, ते हात दाबते आन् आकडा दाखवते. ते चांगलंच हाये. पन त्या दिवशी लक्ष्मणराव माह्या बाजूले बसला आन् पाठीमागून मले धरलं, तवा दुखनं कमी झालं. गोळी नोती, तेल नोतं. अन् तो काई माह्या रक्ताचा नाई. तवा मले समजलं का मले काय पायजे होतं.

चोवीस तारीख लांब हाये. साहेब रजा नाई देत तं नाई देत, नोकरी दुसरी भेटते.

आता काई पाठवू नको. तू येजो.

तुहा बाप,
भैयाजी